आकाशगंगेचा चार्ज

आमच्या शाखेत मॅनेजर बदलतो त्या दिवशी कामाला फारसा वेळ मिळत नाही. सगळा स्टाफ नव्या साहेबांच्या निरीक्षणात गुंतलेला असतो. साहेब चहात साखर किती घेतात, सही मराठीत करतात की इंग्रजीत, आणि मुख्य म्हणजे आदल्या साहेबांचे नाव काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, याची नोंद दुपारच्या डब्यापर्यंत पुरी झालेली असते. बावीस वर्षांच्या नोकरीत मी अकरा मॅनेजर जॉइन होताना आणि दहा रिलिव्ह होताना पाहिले. (अकरावे सध्या केबिनमध्ये आहेत, म्हणून त्यांच्याविषयी काही लिहीत नाही.)

चार्ज देण्याची एक यादी असते. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या, शिक्के, रजिस्टरे, इतकेच काय पण १९९४ पासून बंद असलेला टेबलफॅनसुद्धा तिच्यात असतो. जुने साहेब सही करतात, नवे साहेब सही करतात, मग समोसा आणि वेफर्स. पण शाखा म्हणून जी काही वस्तू असते ती त्या यादीत कुठेच नसते. कोणत्या खातेदाराला खुर्ची द्यायची आणि कोणाला नुसते पाणी देऊन वाटेला लावायचे, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेले सापडायचे? शिवाय जुन्या साहेबांतही दोन जाती आहेत. एक जात पुष्पगुच्छ घेऊन जाते ती जातेच. दुसरी जात जाते, पण रोज सकाळी अकराला फोन करते. “काय हो, ते डेअरीवाल्यांचं प्रपोझल पाठवलंत का?” असा.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी एक प्रश्न टाकला. “बाबा, स्टार वॉर्सचा नवा डायरेक्टर निवडायचं काम तुमच्याकडे आलं, तर तुम्ही कोणाला घ्याल?”

माझा घास हातातच राहिला. का राहिला ते पुढे सांगतो. माझे सायन्स दहावीला संपले, आणि ज्या मार्कांनी संपले ते पाहता सायन्सलाही हायसे वाटले असेल. पुढे बी.कॉम. तेव्हा प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या यानांविषयी मला विचारणे म्हणजे आमच्या प्यूनला फॉरेनच्या रेमिटन्सविषयी विचारण्यासारखे आहे. पण हा प्रश्न सायन्सचा नव्हता. हा सरळसरळ चार्जचा प्रश्न होता, आणि त्यात मी अधिकारी माणूस.

ज्या वाचकांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्टार वॉर्स म्हणजे खेड्यातला एक पोरगा, एक म्हातारा गुरू, संकटात सापडलेली राजकन्या, काळ्या शिरस्त्राणातला एक दुष्ट आणि हरवलेला बाप. मालमसाला चांदोबातला, फक्त घोड्यांच्या जागी याने. आमच्या घरात हे शिरले १९८७ साली, डोंबिवलीच्या चाळीत. त्या काळी एखाद्या शनिवारी वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणत, आणि एका रात्रीत तीन कॅसेटी पाहिल्याशिवाय भाडे वसूल झाल्यासारखे कोणाला वाटत नसे. पहिली पौराणिक, दुसरी मारामारीची हिंदी, आणि पहाटे अडीचला, आज्या घोरू लागल्या की, इंग्रजी. लायब्ररीवाल्याकडे स्टार वॉर्सचा पहिला भाग बाहेर गेला होता, म्हणून त्याने दुसरा दिला. “काय फरक पडतो? इंग्रजीच आहे,” असे त्याचे म्हणणे.

चाळीत इंग्रजी येणारे एकच काका. पोस्टात होते. ते चालू चित्रपटात मराठी करून सांगत. शेवटी तो काळा डार्थ व्हेडर, हात तुटलेल्या ल्यूकला सांगतो की मीच तुझा बाप आहे. काकांनी दोन सेकंद विचार केला आणि जाहीर केले, “तो म्हणतोय, मी तुला बापासारखा आहे.” पुढली तीन वर्षे मी व्हेडरला एक कडक पण मनाने चांगला गृहस्थ समजत होतो.

काकांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे वाचनात आले की शूटिंगच्या वेळी व्हेडरच्या पोशाखात जो नट होता, त्यालाही बोलायला भलतेच वाक्य दिले होते. खरे वाक्य दोन-चार जणांनाच ठाऊक होते, आणि ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला ते शॉटच्या जरा आधी दिग्दर्शकाने बाजूला घेऊन सांगितले. बँकेत आम्ही लिफाफ्यावर लाल शाईने ‘गोपनीय’ लिहितो आणि मजकूर कँटीनमध्ये ऐकतो, त्यापेक्षा हे बरे.

तर हा दिग्दर्शक कोण होता आणि त्याला चार्ज कसा मिळाला, तिथून ही हकीकत सुरू होते.

पहिला चित्रपट जॉर्ज लुकासने स्वतः लिहिला आणि स्वतः दिग्दर्शित केला. २५ मे १९७७ ला तो अमेरिकेत जेमतेम ३२ थिएटरांत लागला, यावरून खुद्द स्टुडिओची त्यावर किती श्रद्धा होती ते कळते. नंतर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण तो करताना लुकास इतका पिचला की छातीत दुखू लागून इस्पितळात जावे लागले. रक्तदाब आणि अतिश्रम. त्याने ठरवले की पुढचा आपण दिग्दर्शित करायचा नाही. वय किती, तर तेहेतीस. आमच्याकडे तेहेतिसाव्या वर्षी माणूस पहिल्या प्रमोशनची परीक्षा देत असतो.

आता इथे माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात, कारण दुसऱ्या चित्रपटासाठी लुकासने बँकेचे कर्ज काढले. स्टुडिओचा पैसा घेतला तर स्टुडिओचा हुकूम ऐकावा लागतो, म्हणून पहिल्या चित्रपटाची कमाई पणाला लावून, वर कर्ज घेऊन, चित्रपट स्वतःच्या मालकीचा करायचा असा त्याचा बेत. म्हणजे घर गहाण, दुकान गहाण, आणि गाडी चालवायला दुसऱ्याच्या हातात. अशा वेळी तुम्ही-आम्ही चालक कसा निवडला असता? परवाना पाहून, अपघाताची नोंद पाहून, दोन जामीनदार घेऊन.

लुकासने निवडला आपला मास्तर. अर्विन कर्शनर. लुकास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात सिनेमा शिकत होता तेव्हा हे गृहस्थ तिथे शिकवत. जन्म १९२३ चा, म्हणजे पंचावन्नच्या घरातले. त्यांची फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी काय शेरा मारला असता ते सांगतो. अनुभव: माणसामाणसांतली छोटी नाटके. अंतराळ: शून्य. बाहुल्या, याने, स्फोट: शून्य. वय: निवृत्तीकडे झुकलेले. शिफारस: नामंजूर. खुद्द कर्शनरनेही विचारले म्हणतात, की हे तरुण पोरांचे काम, मीच का? त्यावर लुकासच्या उत्तराचा मतलब असा की हॉलीवूडच्या दिग्दर्शकाला जे यावे लागते ते सगळे तुम्हाला येते, फक्त तुम्ही हॉलीवूडचे नाही. कर्जाच्या फॉर्मवर असे उत्तर लिहायला रकानाच नसतो.

आणि मास्तरांनी मास्तरकीच केली. घाई म्हणून नाही. नॉर्वेत बर्फातले शूटिंग होते, तिथे असे वादळ झाले की कॅमेरा हॉटेलच्या दाराबाहेर काढता येईना. मग दारातूनच शूटिंग, आणि बाहेर बर्फात बिचारा हॅमिल पळतोय. इंग्लंडमधल्या स्टुडिओत परतल्यावर कर्शनर एकेका प्रसंगावर रेंगाळू लागला. हान सोलोला गोठवायला नेतात तेव्हा राजकन्या त्याला सांगते की माझे तुझ्यावर प्रेम आहे. संहितेत त्याला वेगळे, जरा भारदस्त उत्तर होते. ते काही जमेना. कर्शनर आणि हॅरिसन फोर्ड घासत बसले, घासत बसले, आणि शेवटी राहिले एवढेच, की मला माहीत आहे. तीन शब्दांसाठी अर्धा दिवस! तिकडे व्याज चालू.

खर्चाचा अंदाज मुळात १८ दशलक्ष डॉलरच्या आसपासचा. तो ३० च्या पलीकडे गेला. कर्ज देणारी बँक म्हणाली, आता पुरे. (बँक असेच म्हणते. मीही म्हणालो असतो, आणि वर दुपारी चारनंतर या म्हणालो असतो.) लुकासला दुसरी बँक गाठावी लागली आणि ज्या स्टुडिओपासून सुटायचे होते त्याचीच हमी घ्यावी लागली. लुकास कॅलिफोर्नियात, मास्तर इंग्लंडमध्ये, आणि मध्ये अटलांटिकवरून जाणारे आकडे. तरीही त्याने मास्तरांना काढले नाही. १९८० च्या मे महिन्यात चित्रपट आला, काही महिन्यांतच पैसे वसूल झाले, आणि आजही शौकिनांना विचाराल तर बहुतेकजण याच दुसऱ्या भागाला सगळ्यांत चांगला म्हणतील. माझा शेरा मी परत घेतो. खाडाखोड करून खाली सही.

इथे गोष्ट गोड संपायला हवी होती. पण एक तांत्रिक हरकत निघाली. स्टार वॉर्समध्ये सुरुवातीला नावे नसतात, एकदम पिवळी अक्षरे तिरकी वर जाऊ लागतात. नावे सगळी शेवटी. पहिल्या वेळी चालून गेले, कारण दिग्दर्शक आणि मालक एकच. दुसऱ्या वेळी दिग्दर्शकांच्या संघटनेने नियम काढला. कर्शनरचे नाव सुरुवातीला नाही आणि लुकासफिल्म हे कंपनीचे नाव मात्र आहे, म्हणजे त्यात लुकासचे नाव आलेच, सबब दंड. कर्शनरची स्वतःची काही तक्रार नव्हती. युनियनचा सभासद म्हणून मी नियमाची बाजू घ्यायला हवी, पण सांगून टाकतो, असे सर्क्युलर आमच्याकडेही येतात. लुकासने दंड भरला आणि त्याबरोबर दिग्दर्शकांच्या संघटनेचा राजीनामाही दिला.

त्या राजीनाम्याची किंमत तिसऱ्या चित्रपटाला कळली. संघटनेचे सभासद त्याच्याकडे काम करायला मोकळे नाहीत. स्टीव्हन स्पीलबर्ग हा त्याचा जिवलग दोस्त, तोही संघटनेत. कर्शनरला पुन्हा यायचे नव्हते. मग उमेदवारांचा शोध सुरू झाला. त्यांत डेव्हिड लिंच होता. तेव्हा नुकताच त्याने ‘द एलिफंट मॅन’ केला होता. लुकासने त्याला फेरारीत घालून फिरवले, सॅलड खाऊ घातले, केसाळ प्राण्यांची चित्रे दाखवली. लिंचनेच पुढे सांगितले की जसजशी चित्रे पाहिली तसतसे डोके दुखू लागले. त्याने दुसऱ्या दिवशी कळवले, हा तुमचा चित्रपट आहे, तुम्हीच करा. (आणि मग त्याने ‘ड्यून’ हा दुसरा अंतराळपट स्वीकारला. तो १९८४ साली सपशेल आपटला. डोकेदुखी कपाळी होतीच, फक्त बँक बदलली.) डेव्हिड क्रोनेनबर्गलाही विचारणा झाली. दुसऱ्याचे लिहिलेले करायची सवय नाही, असे म्हणून तोही सुटला.

शेवटी आला रिचर्ड मार्क्वांड, वेल्सचा, पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा, त्या संघटनेच्या कक्षेबाहेरचा. चांगला, सरळ माणूस. पण लुकास आता शहाणा झाला होता. अटलांटिकपलीकडून बिले पाहायची हौस फिटली होती. या वेळी तो स्वतः सेटवर येऊन बसला. मार्क्वांडने म्हटले आहे की शेक्सपिअर शेजारच्या खोलीत बसलेला असताना ‘किंग लिअर’ बसवण्यासारखे ते होते. मी ते वाचले तेव्हा आमचे एक माजी साहेब आठवले. निवृत्त झाल्यावर ते रोज पेन्शनच्या रांगेत येऊन बसत आणि तिथून केबिनकडे पाहत. बोलत काही नसत. नुसते पाहत. नव्या साहेबांनी त्या वर्षी एकही नवे कर्ज मंजूर केले नाही.

१९८३ चा तो तिसरा चित्रपट लोकांना आवडला, मलाही आवडतो, अस्वलांसकट. पण मार्क्वांड कोण हे विचारा बरे दहा जणांना. १९८७ साली तो पन्नाशीच्या आधीच वारला. माझ्या मनात त्याच्याविषयी एक हळवा कोपरा आहे. चार्ज-लिस्टवर त्याची सही आहे, पण स्ट्राँगरूमची किल्ली त्याला एकट्याला कधी मिळालीच नाही.

आता जरा शेजारच्या शाखेत डोकावू. ‘स्टार ट्रेक’ आमच्या पिढीने १९८० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिले. मी पाच-सहा वर्षांचा असेन. टोकदार कानांचा स्पॉक पाहून आजी म्हणाली होती, “याच्या आईनं कानावर झोपवताना लक्ष दिलं नाही.” अमेरिकेत ही मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षे चालली आणि मग बंद केली. पण प्रेक्षक तिला विसरेनात, तेव्हा चित्रपट काढायचे ठरले, तो १९७९ साली आला. दिग्दर्शक निवडला रॉबर्ट वाईज. फाईल म्हणाल तर अशी, की मॅनेजरने न वाचता सही करावी. ‘वेस्ट साईड स्टोरी’ आणि ‘द साऊंड ऑफ म्युझिक’, दोन्हींना ऑस्कर. आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, त्या चित्रपटासाठी सगळे केस काढून उभी राहिली. खर्च ४० दशलक्ष डॉलरच्या वर. आणि चित्रपट? याने जातात, सगळे त्यांच्याकडे पाहतात, आपण सगळ्यांकडे पाहतो. वाईजचाही नाइलाज होता. प्रदर्शनाची तारीख आधी ठरलेली, चित्रपट पुरा व्हायला वेळ नाही. २००१ साली म्हाताऱ्याने तो पुन्हा नीट करून घेतला. पण पोटाला चिमटा बसला तो सुपरस्टार केस काढलेल्या बाईला, असे माझे मत आहे.

दुसऱ्या वेळी पैसे कमी दिले, पहिल्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. निर्माता आणला टीव्हीतला, हार्व्ह बेनेट. त्याला स्टार ट्रेकचा गंध नव्हता, म्हणून त्याने पहिल्यांदा काय केले, तर मालिकेचे सर्व ७९ भाग बसून पाहिले. नवा मॅनेजर आला आणि त्याने जुनी सगळी लेजर्स वाचून काढली, असे मी अजून पाहिलेले नाही! दिग्दर्शक निकोलस मेयर. शेरलॉक होम्सवर कादंबरी लिहिलेला, पदरी एकच चित्रपट, आणि स्टार ट्रेकचा भक्त मुळीच नाही. त्याच्यापुढे पटकथेचे चार-पाच खर्डे पडले, एकही धड नाही. त्याने सगळ्यांना विचारले, तुम्हाला यातले काय काय आवडते ते सांगा, यादी केली, आणि बारा दिवसांत नवी पटकथा लिहून दिली. नाव लावले नाही. अंतराळयान म्हणजे जुन्या काळचे गलबत, कप्तान, खलाशी, तोफा, असे त्याने मनाशी धरले. स्पॉक त्यात मरतो ही बातमी आधीच फुटली आणि भक्तांनी संतापाची पत्रे पाठवली. १९८२ साली चित्रपट आला, आणि तीच माणसे थिएटरात डोळे पुसत होती.

तेव्हा वाचकांपैकी कोणी म्हणेल, चला, गुरुकिल्ली सापडली, परका माणूस आणा. तसे नाही. पुढच्या दोन भागांचे दिग्दर्शन स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयनेच केले, आणि १९८६ चा देवमाशांचा चित्रपट खूप चालला. मग कप्तान झालेल्या विल्यम शॅटनरच्या करारात कलम निघाले की निमॉयला जे ते मलाही. १९८९ चा पाचवा भाग त्याने केला. त्याविषयी मौन. सीनियॉरिटीने दिलेली बढती मी युनियनच्या सभेत पाठिंबा देऊन मंजूर करतो, पण तिकीट काढून पाहत नाही.

लुकासकडे परत येतो. पुढचे तीन चित्रपट, १९९९, २००२ आणि २००५ चे, त्याने स्वतःच केले. पहिल्यासाठी त्याने मित्रांना विचारले होते, पण रॉन हॉवर्ड सांगतो, की सगळ्यांनी त्याला म्हटले, तूच कर. मित्र असेच असतात. जे बोलायचे ते तोंडावर बोलणारा मास्तर या वेळी नव्हता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये लुकासने कंपनी डिस्नेला विकली, चार अब्ज डॉलरच्या वर. सूत्रे कॅथलीन केनेडी यांच्याकडे. आणि जानेवारी २०१३ मध्ये नवा दिग्दर्शक जाहीर झाला, जे. जे. एब्रम्स. म्हणजे कोण, तर शेजारच्या स्टार ट्रेकचा चालू मॅनेजर! तिथला त्याचा दुसरा चित्रपट अजून लागायचा होता. आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते छापता येत नाही. पण त्याचे म्हणणे प्रामाणिक होते. लहानपणापासून आपण स्टार वॉर्सचेच, ट्रेकचे कधी नव्हतोच, असे तो उघड सांगे. २०१५ च्या त्याच्या चित्रपटाने दोन अब्ज डॉलरच्या वर गल्ला केला. पाहताना मात्र मला सारखे वाटत होते, हे व्हाउचर आपण आधी पास केले आहे. वाळवंटातले पोर, यंत्रमानवात दडवलेला नकाशा, गोलाकार महायंत्र. भक्ताच्या हाती किल्ली दिली की तो मूर्तीला हात लावायला घाबरतो. लुकासने पुढची कथा लिहून दिली होती. ती त्यांनी वापरली नाही, हे त्यानेच नंतर जरा कडवट होऊन सांगितले. अकराचा फोन केला, पण पलीकडे कोणी उचलेना.

पुढचा नंबर रायन जॉन्सनचा, २०१७. आणि इथे माझा घास का अडकला ते सांगायची वेळ आली.

जॉन्सनने मूर्तीला हात लावला. त्याचा ल्यूक म्हातारा झालेला आहे, एका बेटावर तोंड लपवून बसलेला, हरलेला. ज्या तलवारीसाठी आम्ही डोंबिवलीत ट्यूबलाइटच्या नळ्या फोडल्या, ती कोणी त्याच्या हातात देते, आणि तो खांद्यावरून मागे फेकून देतो. चिरंजीव तेव्हा चौथीत. मी त्याला ठाण्याला घेऊन गेलो होतो. मध्यंतराच्या पॉपकॉर्नपासून माझे जे सुरू झाले ते रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा, जिना, इथपर्यंत चालले. हा ल्यूक नव्हेच. या माणसाला कोणी निवडले? मूळ काय होते आणि याने काय केले! दाराशी चपला काढताना पोरगा हळूच म्हणाला, “पण मला तो म्हातारा आवडला, बाबा.” त्यावर मी त्याला आणखी चाळीस मिनिटे समजावून सांगितले, त्याला का आवडता कामा नये ते.

त्या वेळी अमेरिकेतही असेच समजावणे चालू होते. हा चित्रपट अधिकृत कथेतून रद्दच करा, असा अर्ज निघाला आणि त्यावर हजारोंच्या सह्या पडल्या. चित्रपटातल्या केली मेरी ट्रॅन या मुलीला लोकांनी इतके छळले की २०१८ साली तिने इन्स्टाग्रामवरचे सगळे पुसून टाकले. नाव प्रेमाचे. आपण तिकीट काढतो, खाते उघडत नाही, हा फरक बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तरी कळायला हवा होता. मला त्या दिवशी कळला नाही.

मालकांचेही धाबे दणाणले होते. २०१७ सालीच, जूनमध्ये, हान सोलोवरच्या चित्रपटाचे दोन दिग्दर्शक शूटिंग बरेचसे उरकल्यावर काढले आणि रॉन हॉवर्डला बोलावले. सप्टेंबरमध्ये नवव्या भागाचा नेमलेला दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो गेला, आणि आठवड्याच्या आत एब्रम्सला परत आणले. जुनाच मॅनेजर, जुन्याच शाखेत. २०१९ चा तो चित्रपट म्हणजे जॉन्सनने केलेल्या नोंदींच्या उलट नोंदी करत जाणारे व्हाउचरांचे पुडके. त्यानंतर नवे दिग्दर्शक जाहीर होत गेले आणि काही योजना गुपचूप मिटवल्या गेल्या. २०२० च्या डिसेंबरात पॅटी जेन्किन्सचे नाव गाजावाजा करून सांगितले, आणि तो चित्रपट २०२२ मध्ये तारखांच्या यादीतून निघालाही. नेमणूकपत्र हातात, पण जॉइन व्हायला शाखाच नाही.

तो २०१९ चा चित्रपट चिरंजीव मित्रांबरोबर पाहून आला. मला विचारले नाही. नंतरही या विषयावर घरात बोलणे नाही. तो आता बारावीत आहे, आर्ट्सला, आणि या वाक्यातला उत्तरार्ध मी अजून पुरता पचवलेला नाही. म्हणून त्या दिवशी जेवताना त्याने आपणहून प्रश्न विचारला तेव्हा घास अडकला. माझ्याकडे उत्तर तयार होते. वर दिलेले सगळे, मुद्देसूद, वर्षांसकट. मी पाणी प्यायलो.

“तू कोणाला घेशील?” मी विचारले.

त्याने एक नाव सांगितले. मी ते कधी ऐकलेले नव्हते. फाईल मागवली असती तर बहुधा नामंजूरच केली असती. “बरं,” मी म्हणालो. सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी त्याने दुसरा भाग लावला, मास्तरांचा. मी शेजारी बसलो. बर्फ झाले, योडा झाला, हान सोलो गोठला. तो पूल आला, वारा आला, व्हेडरने हात पुढे केला. चिरंजीवाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिले. पोस्टातल्या काकांचा किस्सा त्याने दहा वेळा ऐकलेला आहे. मी अकराव्यांदा सांगितला नाही.

चित्रपट संपला, काळ्या पडद्यावर नावे सुरू झाली. सौ. स्वयंपाकघरातून पाने घेतल्याचे सांगत होती.

“बाबा, ते पहिलं नाव बघा,” चिरंजीव म्हणाला. “हे शेवटी टाकलं म्हणून लुकासला दंड झाला होता. ठाऊक आहे तुम्हाला?”

“असं?” मी म्हणालो. “किती झाला होता?”

तो सांगू लागला.